‘अमांडला!’ : आंदोलनाच्या माहितीपटाचा अल्बम पडद्याविना ऐकताना

बाळीवेसकर (धागाकर्ता)

दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदविरोधी लढ्यात गाण्यांनी नेमके कोणते काम केले, हे दाखवणारा ली हर्श यांचा ‘अमांडला!’ हा माहितीपट २००२ साली प्रदर्शित झाला. तो पुरा व्हायला नऊ वर्षे लागली आणि पाठोपाठ त्यातल्या गाण्यांचा अल्बमही निघाला. माहितीपट मी पूर्वीच पाहिला होता. अल्बम मात्र अलीकडे, चित्राच्या आधाराशिवाय, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग ऐकला. त्यावर इथे लिहावेसे वाटले, कारण आपल्यापैकी काही जण सोलापूरच्या गिरण्या आणि १९३० चा मार्शल लॉ या विषयावर माहितीपट करण्याच्या खटपटीत आहेत, आणि त्यातली गाणी पुढे वेगळी काढायची का, काढली तर कशी, हा प्रश्न त्यांच्यापुढे आज ना उद्या येणारच आहे.

माझे म्हणणे असे की, माहितीपटात गाण्याला साक्षीदार म्हणून उभे केले जाते आणि विचारले तेवढेच बोलण्याची मुभा त्याला असते. दोन ओळी होतात न होतात तोच कोणाची तरी मुलाखत वर चढते आणि गाणे तळाशी जाते. अल्बममध्ये तेच गाणे पुरते ऐकायला मिळते, पण ज्या प्रसंगासाठी त्याला बोलावले होते, तो प्रसंग तोवर निघून गेलेला असतो.

व्हुयिसिले मिनी यांचे उदाहरण घ्या. पोर्ट एलिझाबेथचे हे कामगार पुढारी गीते रचत आणि त्यांचा खर्जातला आवाज सगळ्यांना ठाऊक होता. वर्णभेदी राजवटीचे शिल्पकार हेंड्रिक फेरवुर्ड यांना उद्देशून, ‘सावध राहा, काळा माणूस येतो आहे’ अशा आशयाचे गाणे त्यांनी रचले. ६ नोव्हेंबर १९६४ रोजी प्रिटोरियात त्यांना दोन सहकाऱ्यांसह फाशी देण्यात आली. माहितीपटाच्या आरंभीच त्यांची बेवारशी कबर उकरली जाते, माती बाजूला होते, अस्थी दिसू लागतात. त्यानंतर कानावर पडलेले ते गाणे आपण निराळ्याच मनाने ऐकतो. अल्बममध्ये ते मिरियम मकेबा यांच्या आवाजात आहे, चाल हलकी आणि डुलती आहे, आणि पार्श्वभूमी ठाऊक नसलेला माणूस ते लग्नघरातले गाणे समजून मान डोलावील.

चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून ज्या गावाची रोजची ये-जा होते, त्या गावाला यातले दुःख समजावून सांगावे लागणार नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. उद्या त्यांच्यावरचे एखादे गाणे आपल्या माहितीपटातून सुटे होऊन कोणाच्या तरी मोबाइलमध्ये दोन सिनेगीतांच्या मध्ये वाजले, तर त्यातले काय उरेल? जाणकारांनी मते द्यावीत.

झीलकरी

बाळीवेसकर, तुमचा प्रश्न योग्य आहे, पण तो केवळ संदर्भाचा नाही, ध्वनिमुद्रणाचाही आहे, आणि तिकडे आपले लक्ष फारसे जात नाही.

त्या गाण्यांची बांधणी पाहा. तिकडच्या समूहगायनावर मिशनऱ्यांच्या शाळांतल्या प्रार्थनागीतांचा दाट संस्कार आहे. ‘न्कोसी सिकेलेल् इआफ्रिका’ हे १८९७ साली रचणारे इनॉक सोंटोंगा हे मिशन शाळेतले शिक्षक आणि गायकवृंदाचे प्रमुख होते. त्यामुळे गर्दीतल्या माणसाला आपला सूर कोणता हे लहानपणापासून ठाऊक असते. एकाने ओळ टाकली की स्त्रिया वरच्या पट्टीत उचलतात, पुरुष खाली पसरतात, आणि चार आवाजांची वीण कोणी न सांगता जमून येते. तिथे गायक एकीकडे आणि श्रोते दुसरीकडे असा मामलाच नसतो. अशा गाण्याचे चांगले मुद्रण करायचे तर माइक गर्दीच्या मधोमध न्यावा लागतो, कारण गाणे तिथे घडते.

आपल्या पोवाड्याची घडण निराळी आहे. शाहीर पुढे, हातात डफ; मागे तुणतुणे आणि झीलकरी; शाहिराची ओळ संपते तिथे झीलकरी ‘जी जी रं जी’ने ती उचलतात, शाहीर श्वास घेतो आणि पुढच्या चौकावर जातो. श्रोता ऐकतो, पेटतो, टाळ्या देतो, पण गात नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीत १९१६ साली जन्मलेले अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अफाट सभांपुढे उभे राहून आपल्या पहाडी आवाजाने माणसे बांधून ठेवत, ते याच रीतीने. इथे माइक शाहिराच्या तोंडाशीच हवा.

म्हणून ‘अमांडला!’चा नमुना डोळे झाकून उचलू नये. त्या अल्बमचे बळ अनेकांच्या एकत्र गाण्यात आहे आणि आपल्याकडचे बळ एका आवाजाच्या धारेत आहे. आपण पोवाडा गर्दीच्या मधोमध ध्वनिमुद्रित केला तर हाती गलबलाच येईल.

पूर्वभागातली

‘आपल्याकडचे बळ एका आवाजात’ हे शाहिरीपुरते खरे, सोलापूरपुरते नव्हे. झीलकरी दादा, तुम्ही अशोक चौकाच्या अलीकडेच थांबलात.

अशोक चौकापलीकडच्या आमच्या पूर्वभागातल्या तेलुगू घरांत भजने एकेकट्याने म्हटली जात नाहीत, आणि विडीच्या कामाला बसलेल्या बायका गाऊ लागल्या तर त्यातही पुढारी कोण ते सांगता येत नाही. या अल्बममधले ‘सेंझेनिना’ मी घरी लावले होते. अंत्ययात्रांत गायले जाणारे हे गाणे. ‘आम्ही असे केले तरी काय?’ एवढाच सवाल त्यात पुन्हा पुन्हा येतो. माझ्या सासूबाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. कात्रीने पान कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचे, तोंड मुडपायचे, दोरा गुंडाळायचा; हात एकदाही थांबले नाहीत. पण तिसऱ्या-चौथ्या आवर्तनापासून विडी वळण्याचा वेग गाण्याच्या संथ लयीवर उतरला, आणि हजार विड्यांचा हिशेब चुकेल म्हणून त्यांनीच ते बंद करायला लावले. ‘आमच्या मार्कंडेयाच्या देवळातल्यासारखे आहे, पण कामाच्या वेळी नको,’ असा त्यांचा निकाल. पुढच्या गाण्यातला तुतारीसारखा बाजा तर त्यांना अजिबात रुचला नाही. तो ह्यू मसेकेला यांचा ट्रम्पेट होता, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

सांगायचे असे की, हे गाणे समजण्यासाठी त्यांना पडद्याची गरज पडली नाही. शोकाची चाल शोकाचीच राहते. बाळीवेसकरांचे म्हणणे लागू पडते ते उपहासाच्या आणि आव्हानाच्या गाण्यांना, जिथे चाल एक सांगते आणि शब्द दुसरेच.

धोटा

पूर्वभागातली ताईंनी बरोबर ठिकाणी बोट ठेवले. अशा दुहेरी गाण्याचा अस्सल नमुना म्हणजे त्याच अल्बममधले ‘मेडोलँड्स’.

जोहान्सबर्गमधल्या सोफियाटाउन या वस्तीतून कृष्णवर्णीय कुटुंबांना १९५५ पासून सक्तीने उठवून मेडोलँड्स या नव्या वसाहतीत नेऊन टाकले गेले. स्ट्राइक विलाकाझी यांनी त्यावर हे गाणे रचले. चाल इतकी आनंदी की, सरकारी अधिकाऱ्यांना ते आपल्या पुनर्वसन योजनेचे कौतुकच वाटले. शब्दांत मात्र ‘आम्ही इथून हलत नाही, इथेच राहतो’ असे वस्तीच्या बोलीत चक्क सांगितलेले होते. माहितीपटात हे गाणे आणि माणसे हलवली जात असल्याची दृश्ये शेजारी ठेवलेली असल्यामुळे डाव लगेच उमगतो. नुसत्या अल्बममध्ये ऐकणारा श्रोता त्या अधिकाऱ्यांच्याच जागी जाऊन बसतो. मला स्वतःला ही अल्बमची उणीव वाटत नाही. ज्या काळात ते गाणे रेडिओवर वाजत होते, त्या काळी ते असेच फसवे ऐकू येत होते, आणि ती फसवणूक पडद्याशिवायच अधिक शाबूत राहते.

याच्या उलट मसेकेला यांचे ‘स्टिमेला’. शेजारच्या देशांतून मजुरांना भरून जोहान्सबर्गच्या खाणींकडे आणणाऱ्या कोळशाच्या आगगाडीचे हे गाणे. त्यात गाडीची शिटी ते तोंडाने काढतात, चाकांची लय तालवाद्ये धरतात, आणि सुरुवातीला बराच वेळ ते गातच नाहीत, बोलतात: कोठून कोठून माणसे आली, जमिनीच्या पोटात किती तास राबली, ताटात काय पडले. एवढे सगळे गाण्याच्या आतच असल्यामुळे त्याला बाहेरच्या चित्राची गरज राहत नाही. तेलंगणातून पोटासाठी सोलापुरात आलेल्या पद्मशाली विणकरांची चौथी पिढी इथे माग चालवते आहे. त्यांच्यापैकी कोणालाही हे गाणे भाषांतराविना ऐकवून पाहावे.

एक सूचना माहितीपट करणाऱ्या मंडळींना. यंत्रमागाच्या शेडमध्ये गाणे टिपण्याचा मोह टाळा. चार माग चालू असले तरी शेजारच्या माणसाशी कानात ओरडून बोलावे लागते; तिथे कोणी गात नाही, आणि तिथे गाणे दाखवणे म्हणजे दिग्दर्शकाची हौस ठरेल. मागांचा आवाज वेगळा घ्या, निखळ घ्या, आणि अल्बममध्ये त्याला स्वतंत्र जागा द्या.

सात_रस्ता

चर्चा रंगली आहे, म्हणून थोडे विरजण घालतो.

‘अमांडला!’चा अल्बम काढला तो एटीओ या अमेरिकेतल्या कंपनीने. तिच्या संस्थापकांपैकी डेव्ह मॅथ्यूज हे गायक जोहान्सबर्गमध्ये जन्मले, एवढा धागा आहे, तो नाकारत नाही. तरीही रस्त्यावर जन्मलेले, कोणा एकाच्या मालकीचे नसलेले गाणे जेव्हा वेष्टनात बंद होऊन विकायला येते, तेव्हा नावे उरतात ती मकेबा, मसेकेला, अब्दुल्ला इब्राहिम, व्हुसी महलसेला अशा थोरांची. त्यांच्या योग्यतेबद्दल शंका नाही. मकेबा यांना तर १९६० पासून तीस वर्षे मायदेशी परतता आले नाही. पण ज्यांनी टोयी-टोयीच्या नाचत्या मोर्चांत पोलिसांच्या गाड्यांपुढे गुडघे उचलून ठेका धरला, त्यांचा आवाज अल्बममध्ये पार्श्वभूमीसारखा येतो. माहितीपटात निदान ते चेहरे दिसतात, आणि त्या नाचाची आम्हाला कशी धास्ती वाटे, हे माजी पोलीस स्वतःच्या तोंडाने सांगतात. अल्बममध्ये ना ते चेहरे, ना ती कबुली.

दुसरे असे की, राजकीय माहितीपटाचा अल्बम म्हणून बाजारात काय काय खपते तेही पाहावे. मायकेल मूर यांच्या २००४ मधल्या ‘फॅरेनहाइट ९/११’च्या निमित्ताने पार्श्वसंगीताचा एक अल्बम निघाला आणि शिवाय, चित्रपटाला प्रेरणा देणारी गाणी म्हणून प्रसिद्ध गायकांच्या गाण्यांचा दुसराही निघाला. ‘ॲन इनकन्व्हिनियंट ट्रुथ’साठी मेलिसा एथरिज यांनी खास रचलेल्या गीताला ऑस्कर मिळाले, पण ते शेवटच्या श्रेयनामावलीवर वाजणारे गाणे, प्रेक्षक उठून चपला शोधत असताना. सोलापूरचा माहितीपट झाला की कोणीतरी नक्की म्हणेल, मालक, एक दणदणीत शीर्षकगीत करून टाकू. तेवढे कृपया करू नका.

बाळीवेसकर

सात_रस्ता यांचा निनावी आवाजांचा मुद्दा मला मान्य आहे. पण त्यावरचा उपाय अल्बम न काढणे हा नाही. माहितीपट वर्षातून एखाद्या वेळी हुतात्मा स्मृती मंदिरात दाखवला जाईल. गाणे लोकांच्या खिशात राहील. निनावी माणसाचे नाव लिहून घ्यायला आज कोणी अडवलेले नाही.

शिवाय, माहितीपटात गाणे कापलेच जाते हे माझे विधान सरसकट धरू नये. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये गाण्यांना भरपूर अवकाश दिलेला आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरू झालेला हा माहितीपट १४ वर्षांनी, २०११ साली पुरा झाला. तिथे शाहिरी ही विषयाच्या पुराव्यापुरती येत नाही, तोच विषय आहे. अशा चित्रपटातून अल्बम काढायचा झाला तर गाण्यांची लांबी वाढवावी लागणार नाही.

कायद्याचे_बोला

भावना बाजूला ठेवून व्यवहाराचे दोन शब्द लिहितो, कारण शेवटी अल्बम अडतो तो इथे.

१९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार गीत आणि चाल यांवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. ती ६० वर्षे मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे हे दोघेही १९६९ साली गेले. त्यामुळे त्यांच्या रचना २०२९ च्या अखेरपर्यंत हक्काखाली आहेत आणि तोवर वारसांची किंवा हक्कधारकांची लेखी परवानगी घ्यावी लागेल. ‘लोकशाहिरांचे गाणे लोकांचेच’ हे सभेत ठीक, अल्बम चढवताना नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क निराळा, तो प्रकाशनानंतर ६० वर्षांचा. म्हणजे १९३० च्या दशकात प्रकाशित झालेली एखादी तबकडी हाती लागली तर ध्वनिमुद्रण मोकळे असेल, पण त्यातले गीत मोकळे असेलच असे नाही. हा फरक भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही.

परंपरेने आलेल्या ओव्या, भजने यांना रचनाकार नसतो, पण गाणारी बाई असते, आणि कलावंत म्हणून तिच्या गायनावर तिचा ५० वर्षे हक्क असतो. पूर्वभागातली ताईंच्या सासूबाईंनी दोन ओळी गायल्या तरी त्यांची संमती लेखी, त्यांना वाचता येणाऱ्या भाषेत घ्यावी. माहितीपटासाठी दिलेली संमती अल्बमलाही लागू होते असे गृहीत धरू नका. कागदावर दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहा, आणि मानधन किती व कधी तेही लिहा.

जुनी_मिल_आवार

माहितीपटाच्या खटपटीत असलेल्यांपैकी मी एक. आतापर्यंत वाचत होतो, आता आमची अडचण मांडतो.

आमच्याकडे निवृत्त गिरणी कामगारांच्या मुलाखती आहेत आणि त्यांत मध्येच कोणीतरी गाऊ लागते. संपाच्या काळातल्या एका गाण्याचे कडवे एका आजोबांनी मराठीत सुरू केले, शेजारच्या गृहस्थांनी त्याच चालीवर कन्नडमध्ये पुढे नेले, आणि तेवढ्यात चहा आला म्हणून आमच्या कॅमेरामनने मुद्रण बंद केले. असे अर्धेमुर्धे तुकडेच आमच्याकडे जास्त आहेत. त्यांना डफ-ढोलकीची साथ भरून सजवावे, असे आमच्यातल्या दोघांचे मत आहे; मला ते पटत नाही, पण नुसत्या खोकल्यासह आणि पंख्याच्या घरघरीसह ते कोणी ऐकेल का, ही शंकाही मनात आहे. दुसरे, १९३० च्या घटनांचे निवेदन गाण्यांच्या मध्ये घालावे का? गांधीजींच्या अटकेनंतर मे महिन्यात उसळलेला जमाव, ८ मेचा गोळीबार, पुढचे काही दिवस इंग्रजांची सत्ता नावापुरतीही न राहिलेले शहर आणि १२ मे रोजी लागलेला मार्शल लॉ, एवढे कळल्याशिवाय पुढची गाणी पोरकी वाटतील.

झीलकरी

आधी पूर्वभागातली ताईंची हरकत मान्य करतो. शाहिराला तोंडाशी माइक, भजनाला आणि विडीवाल्या बायांना खोलीच्या मधोमध, अशा दोन पद्धती ठेवाव्या लागतील.

साथ भरू नका. बैठ्या खोलीत म्हातारा माणूस गातो तेव्हा त्याचा ताल त्याच्या श्वासाप्रमाणे मागेपुढे होत असतो. त्यावर नंतर ढोलकी बसवायची तर आधी त्याला यंत्राने सरळ करावे लागते, आणि सरळ केलेला आवाज त्याचा राहत नाही. खोकला राहू द्या, पंखा मात्र मुद्रणाच्या वेळी बंद करा आणि घाम पुसायला टॉवेल द्या. दर ठिकाणी गाणे सुरू होण्याआधी एक मिनिटभर नुसती खोलीची शांतता टिपून ठेवा; तुकडे जोडताना ती लागते. गाणे चित्रपटात अर्धा मिनिटच येणार असले तरी मुद्रण पूर्ण करा, आणि चहा आला तरी यंत्र बंद करू नका.

निवेदन मध्ये नको. ‘अमांडला!’चा अल्बम सलग ऐकताना जे साधते, ते प्रत्येक गाण्याआधी कोणी इतिहास सांगू लागले तर मोडेल, आणि दुसऱ्यांदा ऐकताना लोक निवेदन पुढे ढकलतील. ती हकिकत पुस्तिकेत छापा.

पूर्वभागातली

पुस्तिकेत तेलुगू आणि कन्नड गाणी त्यांच्या लिपीत छापा, शेजारी देवनागरीत उच्चार आणि खाली मराठी अर्थ. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना तेलुगू बोलता येते, वाचता येतेच असे नाही, आणि नातवंडांना दोन्ही नीट येत नाही. तिन्ही ओळी असल्या तर घरात कोणीतरी वाचून दाखवील. आणि मराठी-कन्नडचा तो अर्धा तुकडा अर्धाच घ्या. त्या दोघांकडून पुन्हा गाऊन घ्यायला गेलात तर ते अंगात धुतलेला सदरा घालून बसतील आणि शाळेतल्या कवितेसारखे म्हणतील.

सात_रस्ता

एवढे सगळे पाळणार असाल तर माझी हरकत मागे घेतो, शीर्षकगीताची सोडून.

जुनी_मिल_आवार

शीर्षकगीत होणार नाही. संमतीपत्राचा मसुदा कायद्याचे_बोला यांना दाखवूनच तीन भाषांत काढू. मागांचा आवाज अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात टिपण्याची परवानगी मिळाली आहे. पाळी बदलताना माग एकेक करून थांबतात, तेवढा वेळ सलग मुद्रण करायचे ठरवले आहे. विडी कामगार भगिनींच्या बैठकीसाठी जानेवारीचा दुसरा आठवडा धरला आहे.

झीलकरी

दुसरा आठवडा नको. होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, भरलेला असतो आणि पाळण्यांच्या भोंग्यांचा आवाज रात्री पार आत गल्ल्यांपर्यंत येतो. महिनाअखेर ठेवा, माइक मी घेऊन येतो.